घर कुणाला मिळालं? प्लेनोत नव्याने आलेल्यांसाठी बोलण्याचे प्राथमिक धडे

टेक्सासमधल्या प्लेनोत नवीन आलेल्या मराठी माणसाला बाकीची सगळी माहिती कुणीही देतं. घर टोलवेच्या बाजूला घ्यावं की हायवे ७५ च्या, कोथिंबीर कुठे ताजी मिळते, आरतीला किती वाजता पोचलं म्हणजे गाडी लावायला जागा सापडते, हे सांगायला लोक टपलेलेच असतात. एका विषयाचं शिक्षण मात्र रीतसर कुणी देत नाही. ते पॉटलकच्या रांगेत, हातात कागदी ताटली धरून, कान देऊनच मिळवावं लागतं. आपल्यातलं एखादं जोडपं वेगळं झालं की त्यांच्या घराबद्दल कसं बोलायचं, हा तो विषय. नवशिक्यांची गैरसोय टाळावी म्हणून हे सहा धडे.

पहिली गोष्ट, घटस्फोटाबद्दल बोलायचं नसतं. ‘का झालं’ विचारणारा उथळ ठरतो आणि ‘कोणामुळे झालं’ विचारणारा आगाऊ. ‘मुलं कशी आहेत’ चालतं, पण त्यावर "मुलं काय, रुळतात" एवढंच उत्तर येतं आणि विषय तिथेच मिटतो. घराचं तसं नाही. "मग घर?" बस, एवढंच. भुवई किंचित वर, आवाज एक पट्टी खाली. यात काळजी येते, हिशेब येतो, आणि आपण कुणाच्या खासगी गोष्टीत नाक खुपसत नाही याचं समाधानही पदरात पडतं.

पाठ पहिला: काय म्हणायचं

नवरा त्याच घरात राहिला तर "त्यानं घर ठेवलं." बायको राहिली तर "तिला घर मिळालं." विकून टाकलं तर "गेलं हो घर शेवटी." हे असंच म्हणायचं, अदलाबदल करायची नाही. "तिनं घर ठेवलं" असं एकदा म्हणून बघा. समोरच्या वहिनी पुरणपोळीचा तुकडा हातात तसाच धरून विचारतील, "म्हणजे? पैसे कुठून आणले?"

पुढची पायरी आकाराची. इथलं आपल्या लोकांचं घर साधारण चार बेडरूमचं, विटांचं, मागच्या गल्लीतून गराजमध्ये शिरणारं. त्यात नवरा राहिला तर "बिचारा, एवढ्या मोठ्या घरात एकटा." बायको राहिली तर "एवढ्या मोठ्या घरात एकटी? हवंय कशाला?" ‘बिचारा’ म्हटल्यावर मागोमाग डबा पाठवायचा असतो. ‘हवंय कशाला’ म्हटल्यावर अपार्टमेंटचे फायदे सांगायचे असतात. गवत कापायला नको, एसी बिघडला की ऑफिसात एक फोन, आणि लेगसी भागात किती सुंदर अपार्टमेंटं झालीत. सांगणारा स्वतः पहिलं लीज संपताक्षणी अपार्टमेंटमधून पळालेला असतो, पण त्याची त्याला आठवण करून द्यायची नाही.

‘हवंय कशाला’ हा प्रश्न उत्तरासाठी नसतो. तरी उत्तर ठाऊक असावं म्हणून सांगतो. इथल्या कोर्टाच्या आदेशात मुलांचं मुख्य वास्तव्य बहुधा कॉलिन कौंटी आणि तिला लागून असलेल्या कौंट्या एवढ्यापुरतं बांधून टाकलेलं असतं. दुसऱ्या पालकाकडे मुलं महिन्याच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या शुक्रवारी जातात, ही नेहमीची पद्धत. शाळा पत्त्यावरून ठरते. म्हणजे ज्याच्या हाती मुलांचा पत्ता, त्याने लांब जायचं नाही, शाळाही बदलायची नाही. मग घर न सोडणं हाच त्यातला कमी कटकटीचा मार्ग उरतो. त्यातही दैवाची थट्टा अशी की प्लेनो आयएसडीने, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, मुलं घटली म्हणून २०२५ मध्ये चार शाळाच बंद केल्या. शाळेसाठी घर धरून बसलेल्या आईचं घर राहिलं आणि शाळाच गेली, असंही त्यात कुणाचं झालं असेल.

पाठ दुसरा: कायदा (वगळला तरी चालेल)

बोलण्याच्या दृष्टीने हा पाठ घातक आहे. तो वाचला की ‘मिळालं’ हे तोंडातून सहज निघेनासं होतं. ज्यांना पॉटलकला लोकप्रिय राहायचंय त्यांनी थेट पुढच्या पाठावर जावं.

टेक्सास हे ‘कम्युनिटी प्रॉपर्टी’चं राज्य. लग्न चालू असताना जे मिळवलं ते दोघांचं, असं कायदा धरूनच चालतो. पगार कुणाच्या खात्यात पडला, याने फरक पडत नाही. अमुक वस्तू माझ्या एकट्याची, लग्नाआधीची, वारशाची किंवा भेटीची, असं म्हणायचं असेल तर म्हणणाऱ्याने ते भक्कम पुराव्यानिशी दाखवायचं. ही कल्पना इंग्रजांची नव्हे, स्पॅनिशांची. स्वतंत्र प्रजासत्ताक असताना १८४० मध्ये टेक्सासने इंग्लिश कायदा घेतला, पण नवराबायकोच्या मालमत्तेपुरती जुनी स्पॅनिश रीत राहू दिली.

हे आपल्याला अगदीच परकं वाटायला नको. स्पेनच्या शेजारच्या पोर्तुगालने आपली १८६७ ची नागरी संहिता गोव्यात आणली, आणि तिथलं कुटुंबाचं कामकाज अजून तिच्यावरच चालतं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवराबायकोची मालमत्ता एक होते, लग्नापूर्वीचीसुद्धा. म्हणून फोंड्याची मावशी प्लेनोतल्या भाचीची हकिकत ऐकते आणि सहज म्हणते, "मग अर्धं तिचंच की." साताऱ्याची आत्या विचारते, "दिलं का त्यानं?" दोघीही आपापल्या कायद्याला धरूनच बोलतात. महाराष्ट्रात घर ज्याच्या नावावर त्याचं. घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं, पण लोकसभेतून ते काही बाहेर आलं नाही. त्याच्या आधी, नव्वदच्या सुमारास, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा बऱ्याच शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. मोठीच गोष्ट होती ती. पण तीही नवऱ्याने आपण होऊन द्यायची होती, आणि आत्याच्या कानात तीच भाषा बसली आहे.

तर प्लेनोत तिला घर ‘मिळतं’ तेव्हा त्यातलं अर्धं आधीपासून तिचंच असतं. अर्धं हेही ढोबळच. न्यायाधीशाने न्याय्य आणि योग्य वाटणी करावी एवढंच कायदा म्हणतो. पन्नास-पन्नास टक्के कुठे लिहिलेलं नाही. पण हिशेबाला अर्धं धरू, आणि उरलेल्या अर्ध्याचं काय होतं ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

समजा घराची किंमत ६ लाख डॉलर, कर्ज बाकी ३ लाख. मधले ३ लाख दोघांचे, म्हणजे तिने त्याला दीड लाख द्यायचे. तेवढे खिशात कुणाच्याच नसतात, म्हणून घरावर नवं कर्ज काढायचं. आता टेक्सासची राज्यघटना राहत्या घराला इतकी जपते की १९९७ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत घर गहाण टाकून हातात रोकड घेण्याची सोयच नव्हती, आणि आजही असं कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपलीकडे जाऊ देत नाहीत. घटस्फोटातल्या वाटणीसाठी मात्र निराळी वाट ठेवली आहे. तिला ‘ओवेल्टी लीन’ म्हणतात: वाटण्या सारख्या करायला जी रक्कम द्यावी लागते, तेवढ्यापुरता घरावर चढवलेला बोजा. तो ८० टक्क्यांच्या कुंपणात येत नाही. हा शब्द पॉटलकला फार सफाईने वापरू नका. "तुमचंही काही चाललंय का?" असं कुणीतरी विचारेल.

मग व्याज. ३० वर्षांच्या कर्जाचा देशभरातला सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्क्यांवर उतरला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ वर चढला. जुनं कर्ज त्या स्वस्ताईतलं असेल, समजा ३ लाख ४० हजार डॉलर २.८७५ टक्क्यांनी, तर हप्ता महिन्याला साधारण १,४१० डॉलर. पाचेक वर्षांत त्यातले तीनेक लाख उरले. आता नवं कर्ज साडेचार लाखांचं, दर साडेसहा धरला तर हप्ता २,८४५ च्या घरात जातो. प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा यांच्या वरती. हप्ता दुप्पट, पगार दोनाचा एक, आणि त्याच्या हातात दीड लाखाचा चेक. मला विचाराल तर हा सरळसरळ खरेदीचा व्यवहार आहे, तोही चढ्या भावाचा. सही तिची, कर्ज तिचं. पण घर विकत घेतल्याबद्दल तिला पेढे कुणी मागत नाही.

पाठ तिसरा: "आधी त्याचं नाव काढून टाक"

हा सल्ला देता आला म्हणजे तुम्ही मध्यम पातळीवर पोचलात. तो कुणालाही द्यावा. अर्थ विचारला जात नाही. नाव दोन ठिकाणी असतं. घराच्या दस्तावर आणि कर्जाच्या कागदावर. दस्तावरचं नाव ‘स्पेशल वॉरंटी डीड’ करून, कौंटी क्लार्ककडे नोंदवून निघतं, फार वेळ लागत नाही. कर्जावरचं नाव कोर्टाच्या निकालानेही निघत नाही, कारण बँक त्या लग्नात नव्हती आणि घटस्फोटातही नाही. घटस्फोटापायी घर एकाच्या नावावर झालं तर कर्ज ताबडतोब फेडा असं बँकेला म्हणता येत नाही. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने तेवढं संरक्षण दिलंय. पण जुनं स्वस्त कर्ज तसंच चालू ठेवलं तर बाहेर पडलेला माणूस कागदावर कर्जदारच राहतो. तिचा एक हप्ता चुकला की त्याची पत घसरते, आणि त्याला नवं घर घ्यायचं तर नवा सावकार जुनं कर्ज मोजायला बसतो. ‘बिचारा’ म्हणायची खरी जागा कुठे असेल तर ही, पण इथे कुणी म्हणत नाही.

पाठ चौथा: हेरगिरी

कॉलिन सेंट्रल अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर जा. पत्ता टाका. मालकाचं नाव, घराचं क्षेत्रफळ, करासाठी धरलेली किंमत, सगळं समोर येतं. हे काम रात्री अकरानंतर, भांडी डिशवॉशरला लावून झाल्यावर करण्याचा प्रघात आहे. दोन नावांचं एक झालंय का एवढं बघायचं आणि दुसऱ्या दिवशी "मला आपलं कुठूनतरी कळलं" म्हणायचं.

एक अडचण आहे. टेक्सासमध्ये घर कितीला विकलं गेलं हा आकडा सरकारला कळवावा लागत नाही, त्यामुळे तो अशा साइटवर नसतो. आपल्या समाजावर विधात्याने केलेला हा मोठा अन्याय आहे. करासाठी धरलेली किंमत बघून लोक अंदाज बांधतात, आणि राहत्या घराची करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नसल्यामुळे नेमका त्याच रकान्यात फसतात.

पाठ पाचवा: "घर बघायला माणूस लागतो"

इथे ‘माणूस’ म्हणजे पुरुष, हे वेगळं सांगायला नको. हा पाठ जरा सावकाश वाचा, कारण प्लेनोतलं घर बघणं म्हणजे काय हे त्यात आहे.

प्लेनो ज्या पट्ट्यावर उभं आहे त्याचं नाव ब्लॅकलँड प्रेअरी. खाली काळी चिकणमाती, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या काळीच्याच जातीची. पाऊस झाला की फुगते, ऊन लागलं की आक्रसते आणि भेगाळते. गावाकडे त्या भेगांत चप्पल अडकायची. इथे अख्खं घर अडकतं. घराखाली तळघर नाही, पाया म्हणजे एक सलग काँक्रीटची लादी, आणि ती या मातीवर बसलेली. जुलै-ऑगस्टमध्ये पारा शंभर फॅरनहाइटच्या वर गेला की लादीच्या कडेची माती सुटते, बोटं जातील एवढी फट पडते, आणि घर एका बाजूने जरासं खचतं. पहिली खूण दाराच्या चौकटीवर दिसते. वरच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली केसाएवढी चीर. मग न्हाणीघराचं दार लागेनासं होतं.

उपाय असा की पायाला पाणी पाजायचं. होय, टेक्सासमध्ये झाडांसारखं घरालाही पाणी घालतात. पाझरणारा काळा रबरी पाइप लादीपासून फूट-दीड फूट अंतरावर घराभोवती अंथरायचा, अगदी चिकटवून नाही, आणि थोडं थोडं रोज, पण शहराचे पाण्याचे नियम बघून. पश्चिमेच्या भिंतीला जास्त, कारण दुपारचं ऊन तिथे. पावसाळी महिन्यात बंद. हे सगळं करत ज्या घरात तिने एकटीने पहिला उन्हाळा काढलेला असतो, तिथे पॉटलकला आलेला एखादा दादा त्या पाइपाकडे बोट दाखवून सांगतो, "अगं, हे तू चिकटवून टाकायला हवंस." त्याच्या स्वतःच्या घराखाली काँक्रीटचे खांब ठोकून झालेले असतात, चांगले काही हजार डॉलर मोजून. तिने मान डोलवायची असते. नवशिक्यांनीही डोलवावी.

वसंतात गारा. लिंबाएवढ्या पडल्या की छत जातं, आणि विम्यात छपराचं पहिलं नुकसान बऱ्याचदा घराच्या विमा-किमतीच्या १ किंवा २ टक्के इतकं आपल्याच माथी असतं. गारपिटीनंतर छपरवाले दारोदार फिरतात. दार तिने उघडलं की विचारतात, "मिस्टर घरी आहेत का?" यावर काय उत्तर द्यावं याची आपल्याकडे मोफत सल्लासेवा आहे. "मीटिंगमध्ये आहेत म्हणावं" हे सर्वांत लोकप्रिय. मला माहीत असलेली एक जण "छत माझं आहे, बोला" एवढंच म्हणते. पॉटलकला तिच्याबद्दल ‘जरा फटकळच’ असं मत आहे.

पाठ सहावा: फोन पुण्याचा

इथल्यापेक्षा अवघड परीक्षा तिथली. आई विचारते, "नातेवाइकांना काय सांगू?" ‘रिफायनान्स केलं’ म्हणून सांगावं. खोटं नाही, आणि ऐकणाऱ्याला कौतुकास्पद वाटतं.

बाबा वेगळं विचारतात. घर घेताना त्यांनी फंडातले पैसे पाठवलेले असतात. ते परत नको असतात, फक्त कुठे गेले एवढं कळावं असं त्यांना वाटतं. इथे त्या वेळच्या एका कागदाची आठवण काढावी लागते. कर्ज देणाऱ्याने तेव्हा ‘गिफ्ट लेटर’ मागितलेलं असतं, ही रक्कम उसनी नसून भेट आहे असं. बाबांनी घाईने सही केलेली असते, आणि मजकुरात लिहिलेलं असतं, ‘माझी मुलगी आणि जावई यांना’. नुसत्या मुलीला लिहिलं असतं, पैशाची वाट बँकेच्या कागदांवरून दाखवता आली असती, तर ती रक्कम तिची एकटीची ठरायला आधार होता. ‘आणि जावई’ या दोन शब्दांची किंमत अर्धी रक्कम. तेव्हा हे शब्द गाळले असते तर जावयाचा अपमान झाला असता, हेही खरंच.

कोथरूडचा फ्लॅट हे आणखी निराळं प्रकरण, कारण तिथे इथला निकाल पुरेलच असं नाही. परदेशी कोर्टाचा घटस्फोट भारतात सरसकट चालत नाही. नरसिंह राव नावाच्या एका नवऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते स्पष्ट केलं. घटस्फोटाचं कारण आपल्या विवाह कायद्यात बसणारं हवं आणि दोघांनी त्या कोर्टाचं कामकाज मान्य केलेलं हवं. म्हणून काही जण इथे मॅकिनीच्या कोर्टात एकदा वेगळे होतात आणि पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात संमतीने दुसऱ्यांदा.

आणि ज्या बाईचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेला आहे, तिच्यापुढे घराचा विषय काढूच नये. अमेरिकेत घराची मालकीण व्हायला ग्रीन कार्ड लागत नाही, त्यात राहायला मात्र स्वतःचा व्हिसा लागतो. घटस्फोटाच्या निकालाबरोबर तिचा तो संपतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तिने घर रंगवून पुन्हा पूजा घातली आहे. वास्तुशांत एकदा झालेल्या घराची परत कसली? जा आणि जेवा. भेट म्हणून गणपतीची मूर्ती नेऊ नका, त्या घरात आधीच सात आहेत. पाझरणारा पाइप न्या, पन्नास फुटी.

आपल्यातले तिघे-चौघे रिअल्टर आहेत. ‘विकायचंय का’ असं तिला केव्हा विचारावं? निकालानंतर दोन सणवार जाऊ द्यावेत. सभ्य रिअल्टर दसऱ्याच्या शुभेच्छांतून विचारतो.

करासाठी धरलेल्या किमतीवर हरकत घ्यायची मुदत साधारण १५ मेला संपते. तिला आठवण करून द्यावी का? नको. आठवण तीच तुम्हाला करून देईल, आणि आजूबाजूच्या घरांचे फोटो कसे जोडायचे तेही सांगेल.

तिने पुन्हा लग्न केलं तर घर कुणाचं? तिचंच. लग्नाआधी घेतलेलं घर नंतरही तिचं एकटीचं राहतं. फक्त दोन गोष्टी. लग्नानंतरच्या पगारातून हप्ते फेडले गेले, तर त्या पैशाची भरपाई मागता येते. आणि राहतं घर विकायचं म्हटलं की नव्या नवऱ्याची सही लागते, घर त्याचं नसलं तरी. हे उत्तर पॉटलकला देऊ नका. तिच्यासाठी स्थळं बघणाऱ्या काकू लगेच विचारतील, "मग त्याला घर मिळणार नाही?"